गंजलेली गाडी : दुरुस्त करावी की विकून मोकळे व्हावे?

पावसाळा सरला की गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. चार महिने चिखलपाण्यात धावलेल्या टेम्पोचा, व्हॅनचा पत्रा या दिवसांत आपले खरे रूप दाखवू लागतो. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला असतो, हौद्याच्या कोपऱ्यात भोक पडलेले असते, पायाखालची मॅटिंग उचलली तर हाताला लाल भुगा लागतो. मालक डेंटरला विचारतो, "मिस्त्री, किती लागतील?" मिस्त्री रक्कम सांगतो. ती ऐकून मालकाला वाटते, एवढे घालण्यापेक्षा विकलेली बरी. दुसऱ्या दिवशी दलाल गाडीची किंमत सांगतो. ती ऐकून वाटते, एवढ्यात द्यायची तर दुरुस्त केलेली बरी. या दोन आकड्यांच्या मध्ये गाडी आणखी एक पावसाळा काढते आणि गंज काही कोणाच्या निर्णयासाठी थांबत नाही.

आम्ही भिवंडीत कापडाचा व्यापार करतो. आमचा माल कल्याण, पनवेलपासून खाली महाड, चिपळूणपर्यंत जातो. आम्ही काही मेकॅनिक नव्हे. परंतु माल वाहणारी गाडी पाळणे हा व्यापाराचाच भाग आहे आणि तीस वर्षांत जो तजुर्बा आला तो आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या कामी यावा म्हणून लिहीत आहोत. आमच्या मते आपले लोक या बाबतीत उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी किंमत विचारतात, मग गाडी बघतात. वस्तुतः गंज गाडीच्या कातडीला लागला आहे की हाडाला, हे कळल्याशिवाय मिस्त्रीच्या आकड्याला अर्थ नाही आणि दलालाच्याही नाही.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज येतोच. त्यात मीठ मिसळले की तो वेगाने येतो. म्हणूनच मालेगाव किंवा सोलापूरकडची पंधरा वर्षांची गाडी आणि रत्नागिरी किंवा मुरुडची पंधरा वर्षांची गाडी यांची तुलना होत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात "गाडी घाटावरची आहे" असे सांगितले की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतो, ते उगाच नाही. ज्या गाडीने मासळी वाहिली असेल तिच्या हौद्याखाली तर बर्फाचे खारट पाणी रोज गळलेले असते. पुरात उभी राहिलेली गाडी हा आणखी वेगळा प्रकार आहे. २६ जुलै २००५ चा मुंबई-ठाण्याकडचा पूर आणि २२ जुलै २०२१ चा महाड-चिपळूणचा पूर आपल्यापैकी अनेकांनी भोगला आहे. अशा पुरातून निघालेली गाडी बाहेरून धुऊन चकचकीत होते, पण चासिसच्या आणि खांबांच्या बंद पोकळीत गेलेला गाळ तिथेच बसून राहतो आणि वर्षानुवर्षे ओल धरतो. सीटच्या पटऱ्या आणि डॅशबोर्डच्या मागची बाजू बॅटरी लावून पाहावी. गाळाची रेघ बहुधा तिथे सापडते.

आपल्या कापडाच्या लाईनमध्ये एक खास गोष्ट घडते, ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. तागे खराब होऊ नयेत म्हणून हौद्यात बारदान अंथरण्याची पद्धत आहे. माल सुखरूप राहतो, पण ते बारदान एकदा पावसात भिजले की आठ-आठ दिवस वाळत नाही. त्याखालचा पत्रा म्हणजे जणू ओल्या फडक्यात बांधून ठेवलेला. शिवाय कापसाचे तूस आणि सुताचे तुकडे साचून हौद्याची आणि दारांची पाणी निघून जाण्याची बारीक भोके बुजतात. प्रोसेस हाऊसमधून ओला माल उचलणाऱ्यांच्या गाडीवर तर रंगाईतले मीठही गळते. म्हणून आपल्या गाडीचा तळ बाहेरच्या पत्र्याच्या आधी जातो आणि तो दिसत नाही.

आता हाडाची गोष्ट. माल वाहणाऱ्या बहुतेक टेम्पोंना खाली स्वतंत्र चासिस असते. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि त्यावर केबिन व हौदा बसवलेला. अशा गाडीचा हौदा पूर्ण सडला तरी तो काढून नवा बसवता येतो. चासिस शाबूत असेल तर गाडी शाबूत आहे असे समजावे. व्हॅन आणि मोटारगाडीचे तसे नसते. त्यांना बहुधा वेगळी चासिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालचा उंबरा, खांब हे सर्व मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. तिथला गंज हा नुसता पत्र्याचा गंज नव्हे. टेम्पोच्या हौद्याला हाताएवढे भोक असले तरी घाबरण्याचे कारण नाही. व्हॅनच्या उंबऱ्याला बोटाएवढे भोक असले तर रात्रीची झोप उडाली पाहिजे. आपले लोक नेमके याच्या उलट वागतात. हौद्याचे भोक दिसते म्हणून टेम्पो विकायला काढतात, आणि व्हॅनवर लांबी घासून, रंग मारून तीच गाडी घरच्या मंडळींना घेऊन लग्नाला धुळ्यापर्यंत पळवतात.

तपासणी अवघड नाही. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यावी, खालची बाजू धुऊन पूर्ण वाळू द्यावी. एक लहान हातोडी आणि एक पेचकस पुरे. चांगल्या लोखंडावर हातोडी टणक वाजते, सडलेल्यावर बद्द आवाज येतो. जिथे बद्द वाजेल तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे; आत गेले तर तिथे लोखंड उरलेले नाही. कमानीचे पाटे चासिसला जिथे टांगलेले असतात त्या जागा, आडव्या तुकड्यांचे सांधे, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट, दाराच्या खांबाचा पाया या जागा सोडू नयेत. रंगाखाली लांबी किती आहे हे पाहायला साधे लोहचुंबक चालते. पत्र्यावर ते चिकटते, लांबीच्या जाड थरावर चिकटत नाही. रंगावर रुपयाएवढा फुगा असेल तर आत हातभर काम निघू शकते, कारण अशा ठिकाणी गंज सांध्यातून, आतल्या बाजूने सुरू झालेला असतो आणि बाहेर सर्वांत शेवटी येतो.

हे पाहून झाल्यावर हिसाबाला बसावे. एक उदाहरण घेऊ. समजा एक टेम्पो आहे त्या अवस्थेत ९०,००० रुपयांना जातो. दुरुस्तीला ४५,००० लागतात. दुरुस्तीनंतर बाजार त्याला फार तर १,०५,००० देतो, कारण जुन्या गाडीत घातलेली वेल्डिंग गिऱ्हाईक किमतीत धरत नाही. म्हणजे विकण्यासाठी म्हणून जो दुरुस्ती करतो त्याच्या हातात ६०,००० राहतात आणि तो ३०,००० चे नुकसान करून घेतो. विकायचीच असेल तर आहे तशी विकावी.

स्वतःच वापरायची असेल तर मात्र हिसाब बदलतो. दुरुस्त केलेला टेम्पो तीन वर्षे चालला आणि शेवटी ४५,००० ला गेला, तर आजचे ९०,००० अधिक दुरुस्तीचे ४५,००० वजा हाती आलेले ४५,००० म्हणजे तीन वर्षांचे ९०,०००, वर्षाला ३०,०००. त्याऐवजी तीन लाखांचा दुसरा जुना टेम्पो घेतला आणि तो तीन वर्षांनी १,८०,००० ला विकला, तर वर्षाला ४०,००० पडले. फरक फार मोठा वाटत नाही. पण पहिल्या सौद्यात खिशातून ४५,००० जातात, दुसऱ्यात आपली गाडी विकूनही २,१०,००० घालावे लागतात. म्हणजे १,६५,००० रुपये जास्तीचे अडकले. कापडात हीच रक्कम वर्षातून तीन-चार वेळा फिरते, गाडीत ती नुसती झिजते. जे बंधू व्याजाच्या कर्जापासून लांब राहतात त्यांना तर ही रक्कम मालाच्या भांडवलातूनच काढावी लागते आणि रमजानच्या हंगामात दुकानात माल कमी दिसतो.

परंतु हा सगळा हिसाब "तीन वर्षे चालला" या शब्दांवर उभा आहे. हाड सडलेले असेल आणि दुरुस्ती वर्षभरच टिकली, वर्षाअखेर गाडी ६०,००० ला गेली, तर तीच दुरुस्ती वर्षाला ७५,००० ला पडते. म्हणून पेचकस आधी, कॅल्क्युलेटर नंतर. गॅरेजमध्ये गाडी दहा-बारा दिवस उभी राहील त्या काळात भाड्याच्या टेम्पोचे पैसेही धरावेत. ते कोणी धरत नाही.

आमच्याकडे दोन गाड्या होत्या, दोन्ही गंजलेल्या. २०११ सालचा टेम्पो बाहेरून बघवत नव्हता. फाळक्याचा पत्रा हाताने तुटायचा. पण चासिस टणक वाजली, कमानीच्या टांगण्या मजबूत निघाल्या. आम्ही हौद्याचा तळ काढून नवी चेकर प्लेट टाकली, दोन्ही दारांचे खालचे भाग कापून नवे बसवले आणि रंगाच्या नावाने फक्त रेड ऑक्साइडवर एक हात मारला. तो टेम्पो आजही माल वाहतो. दुसरी २००८ सालची व्हॅन होती, दिसायला चांगली. तिचा उंबरा दोन्ही बाजूंनी पोकळ झाला होता आणि ड्रायव्हरच्या सीटचा एक बोल्ट पत्र्यासकट हलत होता. एक गरजू माणूस आला. शाळेच्या मुलांची ने-आण करायची म्हणाला. "शेठ, खालून पट्ट्या मारून रंग काढून द्या, बावन्न हजार देतो." भंगारात तिचे वीस हजारांच्या आसपासच येणार होते. बत्तीस हजारांचा फरक लहान व्यापाऱ्याला लहान नसतो. घरातही यावर दोन दिवस बोलणे झाले. धाकट्या भावाचे म्हणणे होते की माणूस बघून घेत आहे, आपण काही लपवत नाही. आमचे म्हणणे असे की तो वरचा रंग बघून घेत आहे आणि तळाशी काय आहे ते त्यात बसणाऱ्या मुलांना कोणी दाखवणार नाही. व्हॅन नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली.

कापडाच्या धंद्यात या गोष्टीची रीत फार जुनी आहे. चेकिंगच्या टेबलावर ताग्यात ऐब सापडला की किनारीला दोरा बांधतात. मेंडिंगने निघाला तर ठीक, नाही तर तो तागा सेकंडमध्ये जातो आणि सेकंड म्हणूनच विकला जातो. घेणाराही स्वस्तात मिळाला म्हणून खुश असतो. सेकंडचा माल फ्रेशच्या गाठीत घालणाऱ्याला बाजार काय म्हणतो ते आपण जाणतोच. मग गाडी विकताना तोच व्यापारी लांबी आणि रंगाचा आधार का घेतो, हे आम्हाला उमगत नाही. ढिगात हात घालून आतले भिजलेले धान्य बाहेर काढल्याची हदीस आपण सर्वांनी लहानपणी मदरशात ऐकली आहे. गाडीचा तळ हाही तसाच ढिगाच्या आतला भाग आहे. विकताना गाडी रॅम्पवर चढवून गिऱ्हाइकाला खाली उभे करावे, जिथे गंज आहे तिथे बोट ठेवून दाखवावे, आणि पावतीवर एक ओळ लिहून द्यावी: अमुक ठिकाणी गंज आहे, दाखवला आहे. किंमत थोडी कमी येईल. पण पुढे तो माणूस भांडायला दुकानावर येणार नाही.

इथे डेंटिंग-पेंटिंगचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत या कामात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून वेल्डिंग केले तर दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि वर्षभरात दोन्ही जातात, हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. चांगले लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा बसवणे, वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळतो म्हणून आतूनही प्रायमर मारणे, चासिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग न ओढणे, हे सर्व त्यांना ठाऊक आहे. दोष बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा असतो. तो घासाघीस करून मजुरी इतकी खाली आणतो की मिस्त्रीला लांबीशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. अशा वेळी मिस्त्रीने बिलावर स्पष्ट लिहावे, "फक्त रंगकाम केले, तळाचे काम केलेले नाही." उद्या काही बरेवाईट झाले तर निदान कारागिराची मान मोकळी राहील. विम्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की गंज ही झीज समजली जाते आणि झिजेचे पैसे विमा कंपनी देत नाही.

कायद्याबद्दल बाजारात भलतेच गैरसमज आहेत. "पंधरा वर्षे झाली, आता गाडी सरकार उचलून नेणार" असे म्हणत दलाल घाबरवतात आणि पडत्या भावात गाडी काढून घेतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची जी गोष्ट ऐकू येते ती दिल्ली परिसराची आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले ते सरकारी गाड्यांचे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. खर्च मात्र वाढला आहे. पंधरा वर्षांवरील मोटारगाडीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ती आणखी वाढली. पर्यावरण कर वेगळा. ही रक्कम आरटीओत विचारून दुरुस्तीच्या हिसाबात आधीच धरावी. दुसऱ्या बाजूला, २२ सप्टेंबर २०२५ पासून माल वाहणाऱ्या नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भावही पूर्वीचे धरून चालणार नाही.

गाडी भंगारातच द्यायची ठरली तर २०२१ च्या धोरणानुसार उघडलेल्या नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यापारी गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याने दोन हजार जास्त दिले तरी गाडी कागदावर आपल्याच नावे जिवंत राहते, आणि तिची नंबर प्लेट उद्या कुठे फिरेल हे सांगता येत नाही.

विकायची ठरली तर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आधी आपल्या हिशेबनीसाला विचारावे. धंद्याच्या वहीत जिच्यावर घसारा घेतला आहे अशी गाडी विकताना, विक्रीची किंमत आणि वहीतली उरलेली किंमत यांच्या फरकावर कर लागतो. जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. जुन्या गाडीची वहीतली किंमत जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो.

आणि नाव बदलल्याशिवाय गाडी हातची सोडू नये. आपल्यात ओळखीच्या माणसाला चावी देऊन "कागद नंतर करू" म्हणण्याची सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. पोच मिळाली की तिची एक प्रत गंजाची ओळ लिहिलेल्या पावतीला टाचून दुकानाच्या फाईलमध्ये ठेवावी, आणि विमा नव्या मालकाच्या नावे करून घेण्याची आठवण त्याला त्याच वेळी द्यावी.